सपाट मुलखातला शाहीर

दिवाळी अंकासाठी संगीतावर काहीतरी लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा नाट्यसंगीताचे गतवैभव किंवा एखाद्या बुजुर्ग गायकाची आठवण असावी. आजवर त्यांनी माझ्याकडून तेच घेतले आहे आणि मीही ते आनंदाने दिले आहे. या खेपेला मात्र मी त्यांच्या सौजन्याचा थोडा गैरफायदा घेणार आहे. चकलीचा तुकडा मोडीत हा अंक चाळणाऱ्या वाचकाने एकदम दचकू नये, म्हणून आधीच सांगून टाकतो. हा लेख अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, विचिटा नावाच्या गावी १९७७ साली निघालेल्या 'मॅनिला रोड' या हेवी मेटल वाद्यवृंदाविषयी आहे.

माझ्यासारख्या कीर्तनात आणि संगीत नाटकांत वाढलेल्या, शाळेत जन्मभर संस्कृत शिकविलेल्या माणसाचा या कर्णकर्कश म्हणून बदनाम झालेल्या संगीताशी संबंध काय, असे कोणीही विचारील. संबंध आहे तो भाच्यामुळे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो कॉलेजसाठी आमच्याकडे सांगलीला राहत असे. एका संध्याकाळी त्याने कोणाकडून तरी उतरवून आणलेली एक कॅसेट मोठ्या उत्साहाने माझ्यापुढे ठेवली. "मामा, यात गोष्टी आहेत, तुम्हांला आवडतील," असे तो म्हणाला. मी दोन मिनिटे ऐकले आणि, "हे गाणे आहे की पिंपे बडवणे?" असे विचारून यंत्र बंद केले. बाहेरच्या खोलीत चार माणसे बसली होती, ती हसली. मुलगा काही बोलला नाही. कॅसेट त्याने पिशवीत घातली आणि त्यानंतर आमच्या घरी असला तोवर माझ्यासमोर एकही गाणे लावले नाही. टीकाकाराच्या हातून अन्याय होतात ते बहुधा छापील पानावर होतात व त्यांचे खंडनही छापून येते. हा अन्याय घरात झाला, म्हणून त्याचे खंडन कोणी केले नाही. ते आज मीच करीत आहे.

प्रथम या संगीताच्या जातकुळीविषयी. हेवी मेटलचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या गावात झाला, असे मानतात. 'ब्लॅक सॅबथ'ची पहिली तबकडी १९७० साली निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायची बोटे हीच. त्याने बोटांना टोपणे बसविली, पुढे तारा सैल करून खालच्या स्वरात लावल्या, आणि त्यातून तो जड, अंधारा नाद पक्का झाला. गंमत अशी, की या वादनाचा पाया आपल्या परिचयाचा आहे. ध्वनिवर्धकातून मुद्दाम फाडलेल्या गिटारीच्या आवाजात तीन स्वरांचा मेळ वाजविला तर त्याचा चिखल होतो. म्हणून हे लोक गंधार गाळतात आणि नुसता षड्ज-पंचम वाजवितात. आपल्या तंबोऱ्याची मिरासदारी तीच! गंधार शुद्ध की कोमल हे ठरविण्याचे काम मग गळ्याकडे किंवा एकट्या वाजणाऱ्या गिटारीकडे येते. हे ध्यानात आल्यावर माझ्या कानांचा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा मावळायला मात्र बरीच वर्षे लागली.

या संगीताला पुढे अनेक फाटे फुटले. त्यांतला एक महाकाव्याकडे वळला. 'रेनबो' या वृंदाचे १९७६ सालचे 'स्टारगेझर' हे दीर्घ गीत या वाटेवरचा पहिला मोठा दगड म्हणून दाखवितात. मनोरा बांधविणारा जादूगार आणि त्याच्यासाठी राबणारे गुलाम अशी त्याची कथा. प्रेम, विरह, बंडखोरी हे नेहमीचे विषय सोडून कथा सांगायची, आणि तीही राजे, देवता, युद्धे व प्रलय यांची, ही या शाखेची प्रतिज्ञा. ती अनेकांनी घेतली. पुष्कळांच्या बाबतीत ती कातडी पट्टे आणि नाटकी तलवारी यांच्यापुढे गेली नाही. मॅनिला रोडच्या मार्क शेल्टनने ती चाळीस वर्षे पाळली.

विचिटा हे गाव नकाशावर पाहावे. आर्कान्सॉ नदीचा काठ सोडला तर सभोवार गव्हाची सपाट शेते. गाव प्रसिद्ध आहे ते विमाने बांधण्याच्या कारखान्यांसाठी. समुद्र शेकडो मैलांवर, आणि किल्ला म्हणावा असे तर काहीच नाही. आणि या गावचा माणूस गातो कशावर? बुडालेल्या अटलांटिसवर, मृतांच्या बेटावर, आर्थर राजाच्या काळावर, नवव्या लाटेवर! सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्मलेल्या शाहिराला गडाचे वर्णन करताना मान वर केली की पुरे. शेल्टनला ते सारे पुस्तकांतून आणावे लागले. त्याच्या कलेचे बळ येथेच आहे आणि तिचा सर्वांत मोठा धोकाही येथेच आहे. तो मुद्दा पुढे येईलच.

शेल्टनचा जन्म १९५७ चा. गिटार त्याची, गळा त्याचा, बहुतेक शब्द त्याचे. स्कॉट पार्क बास गिटारवर आणि रिक फिशर ड्रमवर, असे हे सुरुवातीचे त्रिकूट. कोणी छापीना, म्हणून त्यांनी 'रोडस्टर' या आपल्याच नाममुद्रेखाली १९८० साली 'इन्व्हेजन' काढली. तीत 'द एम्पायर' नावाची सुमारे तेरा मिनिटांची रचना आहे. कच्ची आहे, अवकाशात भरकटणारी आहे, पण पहिल्याच तबकडीवर तेरा मिनिटांची मांडणी करणाऱ्या मुलांची छाती दिसते. १९८१ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण त्यांनी स्वतःच बाजूला ठेवले. ते 'मार्क ऑफ द बीस्ट' या नावाने बाहेर आले ते एकदम २००२ साली. १९८२ च्या 'मेटल'मध्ये रॉबर्ट हॉवर्ड या टेक्ससमधील कथाकाराच्या कथेचेच नाव घेतलेले गीत आहे. हा हॉवर्ड म्हणजे कोनान या रानटी वीराचा जनक. तिसाव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्याने स्वतःला संपविले. त्याच्या कथा स्वस्त मासिकांत छापून येत आणि प्रतिष्ठित समीक्षक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. शेल्टनला तो गुरुस्थानी वाटला यात नवल नाही.

मग १९८३ साली 'क्रिस्टल लॉजिक' आली. मी बंद केलेली कॅसेट तीच होती, हे मला फार उशिरा कळले.

ही तबकडी मी आता पुष्कळदा ऐकली आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. 'नेक्रोपोलिस' हे तिच्यातले सर्वांत लोकप्रिय गीत. मृतांच्या नगरीचा विषय, पण चाल अशी दौडणारी की ऐकणारा पाय हलवू लागतो. विषय आणि लय यांचा हा विसंवाद मला प्रथम खटकला. मग आठवले, की आपल्या पोवाड्यातही मृत्यूचा प्रसंग येतो तेव्हा डफ मंद होत नाही, उलट चढतो. 'द व्हेल्स ऑफ निगेटिव्ह एक्झिस्टन्स' आणि 'द रिडल मास्टर' यांत गिटारीचे मुख्य पद पुनःपुन्हा येते, एखाद्या ध्रुपदासारखे. शेवटी 'ड्रीम्स ऑफ एस्कॅटन' ही रचना. एस्कॅटन म्हणजे ग्रीक भाषेत अंत, कल्पांत म्हणा. आरंभ हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखा. मग एकेक वाद्य जड होत जाते, आणि अखेरीस एकटी गिटार इतका वेळ बोलत राहते की शब्दांची आठवणही उरत नाही. बुजुर्ग गायक विलंबितातून द्रुतात जाताना घाई करीत नाही, आपण केव्हा पोचलो ते ऐकणाऱ्याला कळत नाही. तो संयम येथे आहे. पिंपे बडविणाऱ्याला तो साधत नसतो.

आणि तरीही हा गळा! शेल्टनचा आवाज नाकातून येतो, कापतो, वरच्या सप्तकात कधी कधी फाटतोही. याच शाखेतील इतर गायकांचे आवाज तुतारीसारखे असतात, त्यांच्यापुढे हा एखाद्या म्हाताऱ्या कथेकऱ्याचा वाटतो. ध्वनिमुद्रणे कमी पैशांत झालेली, त्यामुळे ड्रम कधी डब्यासारखे, बास कधी अजिबात नाही. या उणिवा झाकाव्यात असे मला वाटत नाही. हाच त्याचा गुण, असे त्याचे काही भक्त म्हणतात, तेही मला पटत नाही. आवाज चांगला असता तर चांगलेच झाले असते. परंतु या आवाजात एक गोष्ट आहे, सांगणाऱ्याची निकड. तो वीराचे सोंग घेत नाही. वीराला पाहिलेल्या माणसासारखा तो बोलतो. तुतारीसारखे आवाज बहुधा स्वतःच वीर होऊ पाहतात आणि तेथेच कथा संपते.

१९८५ पासून रँडी फॉक्स हा ड्रमवादक आला आणि वृंदाला वेग आला. 'ओपन द गेट्स' (१९८५), 'द डेल्यूज' (१९८६) आणि 'मिस्टिफिकेशन' (१९८७) या तीन तबकड्या फ्रान्समधील 'ब्लॅक ड्रॅगन' कंपनीने काढल्या. विचिटाच्या गायकाला प्रकाशक मिळाला तो अटलांटिक महासागर ओलांडून, ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. तिघींत माझे मत 'द डेल्यूज'ला. जोन ऑफ आर्कपासून प्रलयापर्यंत तिचा पल्ला आहे, आणि शीर्षकगीतात पाणी चढत गेल्याचा भास निव्वळ वाद्यांनी होतो. 'मिस्टिफिकेशन' एडगर ॲलन पो याच्या कथाकवितांवर उभी आहे. तेथे शेल्टन थोडा विद्यार्थी वाटतो. आवडता लेखक समोर असला की माणूस उगाच नम्र होतो. १९८८ ची 'आउट ऑफ द अॅबिस' वेगाच्या त्या वेळच्या फॅशनला थोडी बळी पडली. १९९० च्या 'द कोर्ट्स ऑफ केऑस'मध्ये पुन्हा प्रौढपण आले, पण तोवर घरच फुटले होते. १९९२ ची 'द सर्कस मॅक्सिमस' शेल्टनला निराळ्या नावाने काढायची होती. ती जुन्या नावाखाली आली आणि जुन्यांनाही आवडली नाही, नव्यांनाही नाही. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे शांतता.

या शांततेत एक विलक्षण गोष्ट घडली. जर्मनीत, ग्रीसमध्ये, इटलीत त्या जुन्या तबकड्या तरुण पोरे शोधू लागली, जपू लागली, एकमेकांना उतरवून देऊ लागली. माझ्या भाच्यापर्यंत ती कॅसेट पोचली ती याच ओढ्यातून वाहत. २००१ मध्ये 'अटलांटिस रायझिंग' घेऊन शेल्टन परतला, तेव्हा त्याचे श्रोते त्याच्या देशाबाहेर, त्याच्या मुलांच्या वयाचे होते. ब्रायन पॅट्रिक हा दुसरा गायक आता त्याच्या जोडीला आला. हा पूर्वी वृंदाचे सामान हलविणारा सहायक! मालक आणि झिलकरी यांचे नाते आपल्याकडे असते तसेच, पुष्कळदा गळ्यांचा पोतही एकमेकांत मिसळून गेलेला.

उत्तरार्धातील सर्वांत मोठे काम म्हणजे २००५ ची 'गेट्स ऑफ फायर'. तासाभराहून मोठी ही तबकडी तीन त्रिखंडांची आहे. पहिले हॉवर्डच्या हिमदैत्याच्या कन्येच्या कथेवर, दुसरे व्हर्जिलच्या महाकाव्यातील ट्रॉयच्या पाडावापासून रोमच्या उदयापर्यंत, तिसरे थर्मोपिलीच्या खिंडीवर. दुसऱ्या त्रिखंडातील पहिल्या गीताच्या नावात ट्रॉयचे प्राचीन नाव 'इलियम' चुकीच्या अक्षराने छापले आहे. माझ्या वर्गातला विद्यार्थी असता तर मी अर्धा गुण कापला असता. स्वस्त आवृत्त्यांतून स्वतः शिकलेल्या माणसाच्या या खुणा आहेत. शब्दांतही त्या दिसतात. विशेषणांची गर्दी, पोलाद, रक्त, नियती यांची वारंवार उठबस, आणि कधी कधी यमकासाठी अर्थाची ओढाताण. शेल्टन कवी म्हणून थोर नाही. कथा कोठे सुरू करावी आणि कोठे थांबवावी हे मात्र त्याला उत्तम कळते.

थर्मोपिलीचे तिसरे त्रिखंड पाहा. इसवी सनापूर्वी ४८० साली स्पार्टाचा राजा लिओनिदास मूठभर सैन्यानिशी पारशी सम्राटाच्या अफाट फौजेपुढे त्या खिंडीत उभा राहिला, डोंगरातली चोरवाट शत्रूला दाखविली गेली आणि तो पडला. शाळेत घोडखिंडीचा धडा शिकविताना आम्ही मास्तर मंडळी बाजीप्रभूला या लिओनिदासाची उपमा देत असू. म्हणून या रचनेचे खंड मला आधीच ओळखीचे वाटले. पहिला खंड उभे राहण्याचा. दुसऱ्याचे नाव 'बिट्रेयल', म्हणजे मराठी इतिहासाच्या वाचकाला ज्याचा अर्थ सांगावा लागत नाही ती फितुरी. आणि तिसरा 'एपिटाफ टु द किंग', राजाचा समाधिलेख, संथ आणि लांबलचक. लढाईपेक्षा समाधिलेखाला अधिक वेळ देणारा हा माणूस आहे. येथे आपल्या पोवाड्याहून त्याची वाट निराळी होते. घोडखिंडीच्या कथेत बाजी पडतो, पण तोफांचे आवाज होतात, राजे विशाळगडावर पोचलेले असतात. शाहीर आणि श्रोते दोघेही त्या पोचलेल्यांच्या बाजूचे. शेल्टनच्या गाण्यात तोफ ऐकू येत नाही. त्याचे वीर हरलेले, त्याची नगरे बुडालेली किंवा जळालेली. ट्रॉय, अटलांटिस, मृतांची नगरी, कल्पांत. अगदी २०१३ च्या 'मिस्टेरियम'चे शीर्षकगीतही १८४८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैराणात नाहीशा झालेल्या लुडविग लाइखहार्ट या जर्मन प्रवाशावर आहे.

आता तो धोक्याचा मुद्दा. मघा म्हटले, की हे सारे उसने आहे. विचिटाच्या माणसाचा लिओनिदासावर हक्क काय? माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी हाच आक्षेप घेतला. पोवाडा लोकांच्या स्मृतीतून येतो, ग्रंथालयातून येत नाही, तेव्हा हे महाकाव्य नव्हे, महाकाव्याची हौस आहे, असे ते म्हणाले. आक्षेप वजनदार आहे आणि मेटलच्या पुष्कळ वृंदांना तो तंतोतंत लागू पडतो. पण मी त्यांना विचारले, की व्हर्जिलने तरी ट्रॉय कोठे पाहिले होते? ट्रॉयचा पाडाव त्याने ग्रीकांकडून घेतला आणि रोमच्या मुळाशी नेऊन बसविला. उसनवारी हा दोष ठरविला तर अर्धी महाकाव्ये बाद होतील. पाहायचे ते हे, की उसने घेणाऱ्याची त्या कथेवाचून अडचण होती की नाही. शेल्टनच्या गावाला सांगण्याजोगी पुराणे नव्हती, त्याच्या गाण्याला गावात श्रोते नव्हते, पैसा नव्हता, आणि तरी तो हरलेल्या राजांना चाळीस वर्षे सोडीना. ही हौस असती तर १९९२ साली संपली असती. स्नेह्यांना माझे म्हणणे पटले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

२०१५ ची 'द ब्लेस्ड कर्स' ही दोन तबकड्यांची, तिच्यात मातीच्या ग्रंथांवरचे एक गीत आहे, आणि तिचा दुसरा, बराचसा शांत भाग मला पहिल्याहून सरस वाटतो. २०१७ ची 'टु किल अ किंग' ही शेवटची ठरली. २०१८ च्या जुलै महिन्यात उत्तर जर्मनीतील एका खेड्यात भरणाऱ्या 'हेडबँगर्स ओपन एअर' या महोत्सवात शेल्टन गायला आणि त्यानंतर काही तासांतच, २७ जुलै रोजी, हृदयविकाराने गेला. वय साठ.

भाचा आता हॅम्बुर्गला नोकरी करतो. त्या रात्री तो श्रोत्यांत होता. दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला, तो मामीला. मामीने मुकाट्याने फोन माझ्या हाती दिला. "मामा, ते गेले," एवढेच तो म्हणाला. कोण गेले हे मला समजेना. मी नातेवाइकांची नावे मनात घेऊ लागलो. मग त्याने नाव सांगितले आणि थोड्या वेळाने, "तुम्हांला आठवत नसेल, ती कॅसेट..." असे काहीसे पुटपुटला. मला आठवत होते. मी त्याला म्हटले, ती पुन्हा ऐकव.

त्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा 'क्रिस्टल लॉजिक'ची तबकडी बरोबर घेऊन आला. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपून, बाहेर फटाके चालू असताना आम्ही दोघांनी 'ड्रीम्स ऑफ एस्कॅटन' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. त्याने मध्ये आवाज कमी करायला हात पुढे केला, तो मी धरून ठेवला. आतून मामीने विचारले, हा कोण इतका रडतो आहे? भाचा म्हणाला, गिटार आहे, मामी. त्यावर ती म्हणाली, मग राहू दे, फराळ तिकडेच आणते.